हाडं ठिसूळ झाल्यावर औषध घ्यायचं की आहार-व्यायामावर भागवायचं? नाशिककरांनो, अनुभव लिहा

गोदाकाठ (धागा सुरू करणारी)

नमस्कार मंडळी. माझी आई 67 वर्षांची आहे. डेक्सा स्कॅनमध्ये (हाडांची घनता मोजणारी तपासणी) तिच्या कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर उणे 3.1 आला. उणे 1 च्या वर असेल तर ठीक, उणे 1 ते उणे 2.5 च्या मधे हाडं विरळ होऊ लागलेली, आणि उणे 2.5 किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हे आता घरात सगळ्यांना पाठ झालंय. त्याआधी एकदा साध्या पायरीवरून तोल जाऊन तिचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर घातलं, हाड जुळलं, विषय संपला. हाडांची घनता तपासून घ्या, असं तेव्हा कुणीच म्हटलं नाही. त्याचा मला अजून राग येतो.

आता डॉक्टर म्हणतात, वर्षातून एकदा झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं सलाईन घ्या. आईच्या भजनी मंडळात कुणीतरी सांगितलं की त्याने जबड्याचं हाड सडतं. तेव्हापासून तिचा एकच धोशा: नागली (नाचणी) खाईन, उन्हात बसेन, आयुर्वेदिक घेईन, पण सलाईन नको. भाऊ पुण्याहून फोन करून म्हणतो, उद्याच द्या. मी दोघांच्या मधे.

ज्यांनी औषध घेतलं, नाही घेतलं, मधेच सोडलं, सगळ्यांनी लिहा. नुसतं 'अमुक चांगलं' नको. वय, स्कोअर, हाड मोडलं होतं का, काय केलं आणि पुढे काय झालं, ते सांगा. डॉक्टरांची आणि हॉस्पिटलांची नावं नकोत.

कॉलेजरोडची

मी औषध न घेतलेल्यांपैकी. वय 54, पाळी जाऊन काही वर्षं झालीत. स्कोअर उणे 1.8, हाड कधी मोडलेलं नाही. माझ्या डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं की तुम्हाला आत्ता गोळीची गरज नाही, पण हातावर हात ठेवून बसायचंही नाही.

मग मी आहाराचा हिशोब मांडला. या वयात बाईला दिवसाला 1000 ते 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. 100 ग्रॅम नागलीत साधारण 350 मिळतं, 100 मिली दुधात 120 च्या आसपास. तिळात भरपूर असतं, पण तीळ आपण खातो किती? चमचाभर. म्हणजे एकट्या नागलीवर भिस्त ठेवली तर भागत नाही. सकाळी नागलीची भाकरी किंवा आंबील, दोन वेळा दूध-दही, भाजीवर तिळाचा किंवा खुरासणीचा कूट असं मिळून गणित जमतं. मी डाळी-उसळी आणि अंडी वाढवली, कारण हाडाला नुसतं कॅल्शियम पुरत नाही, प्रथिनंही लागतात. कृषीनगरच्या ट्रॅकवर चालते आणि आठवड्यातून काही दिवस वजनं उचलते. वजनं उचलायला लागल्यावर आमच्या ग्रुपमधल्या बायका हसल्या होत्या, आता त्यातल्या दोघी माझ्यासोबत येतात.

दोन वर्षांनी त्याच मशीनवर पुन्हा स्कॅन केलं, आकडा होता तिथेच आहे. मी खूश आहे. पण ताई, माझी गोष्ट तुमच्या आईंना लावू नका. त्यांचं मनगट मोडलेलं आहे आणि स्कोअर उणे 3.1. त्यांची वाट वेगळी.

नाशिकरोडकर

वय 72, प्रेसमधून निवृत्त. अनुभव माझ्या मंडळींचा.

पाण्याची बादली उचलताना तिच्या कमरेत कळ आली. घरच्यांनी उसण भरली म्हणून शेकलं, तेल चोळलं, पट्टा बांधला. महिनाभर दुखणं हटेना तेव्हा एक्स-रे काढला. कमरेचा पहिला मणका पुढून चेपलेला निघाला, आणि त्याच्या वरचा एक आधीच कधीतरी चेपलेला, तिला पत्ताही नव्हता. मागे वळून पाहिलं तर खुणा होत्याच. फडताळाच्या वरच्या फळीपर्यंत तिचा हात पुरेनासा झाला होता, ब्लाउज मागून वर चढत होते. आम्ही म्हणायचो, वय झालं.

पहिल्यांदा आठवड्याची गोळी सुरू झाली, अ‍ॅलेंड्रोनेट 70 मिलिग्रॅम. ही गोळी घेण्याची रीत फार काटेकोर आहे आणि बरेच जण तिथेच गडबडतात, म्हणून सविस्तर लिहितो. सकाळी उठल्याबरोबर, चहाच्याही आधी, पेलाभर साध्या पाण्यासोबत गिळायची. दुधासोबत नाही, चहासोबत नाही. मग निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही. आमच्याकडे रविवार ठरला होता. ती गोळी घेऊन गॅलरीत खुर्चीवर ताठ बसायची, मी चहा ठेवायचा नाही, कारण वास आला की तिला राहवत नसे. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेतली तर ही गोळी अंगाला लागत नाही, ती दुपारी जेवणानंतर.

काही महिन्यांनी तिला गिळताना छातीत जळजळ व्हायला लागली. डॉक्टरांनी गोळी लगेच बंद केली आणि वर्षाच्या सलाईनवर आणलं. पहिल्या सलाईनच्या रात्री ताप भरला, अंग मोडून आलं. सांगितलेलं होतं म्हणून घाबरलो नाही, पॅरासिटामॉलवर दोन दिवसांत उतरलं. दुसऱ्या वर्षी काहीच झालं नाही. त्यानंतर नवीन मणका चेपलेला नाही. नागली, दूध, चालणं हे सगळं सोबत चालूच आहे.

फिजिओ_इंदिरानगर

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कोवळ्या उन्हाबद्दल एक सांगते. सकाळी सातच्या उन्हात बसून ड जीवनसत्त्व जवळजवळ मिळत नाही. त्यासाठी लागणारे किरण साधारण अकरा ते दोन-अडीचच्या उन्हात असतात, तेही हात-पाय उघडे असतील तर. काचेआडून उपयोग नाही. व्यायामाबद्दल वेगळं लिहीन.

वैद्य_पंचवटी

धागाकर्त्या ताईंनी आयुर्वेदाचा उल्लेख केला म्हणून लिहितो. मी पंचवटीत वैद्यकी करतो. अस्थिगत विकारांसाठी चरकसंहितेत कडू द्रव्यांनी सिद्ध केलेल्या दूध-तुपाच्या बस्ती (औषधी एनिमा) सांगितल्या आहेत. लाक्षादि गुग्गुळ, हाडसांधी, अश्वगंधा आम्ही देतो. वेदना कमी होणं, भूक लागणं, झोप लागणं, रुग्ण हालचाल करायला धजावणं हे मी रोज पाहतो.

पण जो प्रश्न इथे विचारलाय तो 'हाड मोडायचं टळेल का' हा आहे. त्याचं उत्तर देणारे मोठे अभ्यास आधुनिक औषधांचे आहेत. झोलेड्रोनिक अ‍ॅसिडच्या 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन वर्षांत मणके चेपण्याचं प्रमाण 70 टक्क्यांनी आणि खुब्याचं फ्रॅक्चर 41 टक्क्यांनी कमी दिसलं. आमच्या औषधांसाठी त्या तोडीचा पुरावा माझ्या हातात नाही, तेव्हा रुग्णाला तसं आश्वासन मी देणार नाही. हाड एकदा मोडलेलं असेल तर मी स्वतः त्यांना डेक्सा आणि औषधासाठी पाठवतो आणि माझी चिकित्सा सोबत चालू ठेवतो. शंखभस्म, प्रवाळपिष्टी घेत असाल तर तेही दुसऱ्या डॉक्टरांना सांगा. ते कॅल्शियमच आहे.

निफाडची सून

वैद्यकाका, तुम्ही हे लिहिलंत ते बरं झालं. माझ्या सासूबाईंना गुडघ्यांसाठी कुणीतरी बिननावाची पुडी आणून दिली होती. 'जडीबुटी आहे, काही अपाय नाही.' दोन दिवसांत दुखणं गायब! त्या परत द्राक्षबागेत कामाला जायला लागल्या. पुडीवर बरेच महिने काढले. मग चेहरा सुजल्यासारखा गोल झाला, शुगर वाढली, हातावर नुसतं आपटलं तरी काळंनिळं. डॉक्टरांनी पुडी पाहून सांगितलं की यात स्टेरॉइड असणार. तोवर मणक्याचं हाड पोखरलं होतं. पुडीही एकदम बंद करता आली नाही, हळूहळू उतरवावी लागली.

नैसर्गिक म्हणून जे घेता त्यावर नाव, घटक, बनवणारा, तारीख काही लिहिलंय का ते बघा. नसेल तर तोंडात घालू नका. मला हे पोटतिडकीने सांगायचंय.

सिडकोकर

आमची कहाणी वेगळी. आईला परत परत मुतखडा व्हायचा. साठीत हाडंही ठिसूळ निघाली. एका ठिकाणी कॅल्शियम आणि आठवड्याची 60,000 युनिटची ड जीवनसत्त्वाची पुडी लिहून दिली, रक्त तपासलंच नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी रक्तातलं कॅल्शियम पाहिलं, ते मुळातच जास्त होतं. पुढे पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक) तपासलं. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीला गाठ होती आणि ती हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात सोडत होती. ऑपरेशन करून गाठ काढली. त्यानंतर घनता आपोआप सुधारत गेली, मुतखडाही परत झाला नाही.

तिने नुसती नागली खाल्ली असती किंवा नुसतं सलाईन घेतलं असतं, तरी मूळ तसंच राहिलं असतं. औषध की आहार ठरवण्याआधी रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), थायरॉइड आणि गरज वाटल्यास पीटीएच एवढं तपासा. थायरॉइडची गोळी गरजेपेक्षा जास्त होत असेल तरी हाडं झिजतात.

ओझरकर

मावशीला सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन चालू होतं. त्रास शून्य. लॉकडाऊनमध्ये डोस हुकला, मग 'आता बरं आहे' म्हणून राहूनच गेलं. वर्षाच्या आत एकापाठोपाठ मणके चेपले. हे इंजेक्शन थांबवलं की हाडांची झीज उसळी मारते, त्यामुळे ते उशिरा घ्यायचं नाही आणि बंद करायचं तर दुसरं औषध लावूनच. सुरू करतानाच हे विचारून घ्या.

फिजिओ_इंदिरानगर

हाडाला वजन पेलायला लावलं तर हाड टिकतं. नाशिकमध्ये सायकलिंगचं वेड आहे, हृदयासाठी उत्तमच, पण सायकलवर आणि पोहताना हाडांवर फारसा भार येत नाही. चालणं, जिना, खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, टाचा उचलून टेकवणं आणि झेपेल तेवढी वजनं उचलणं, हे हाडासाठी.

मणका विरळ असेल तर कमरेतून पुढे वाकायची आसनं बंद. पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन नको. योगवर्गात बाकीच्यांसोबत ओढीने केलं जातं आणि तिथेच मणका चेपतो. पाठ ताठ करणारी आसनं शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली चालतील. बादली उचलताना ती पायांजवळ घ्या, गुडघ्यात वाका, पाठ सरळ, बादली अंगाशी धरून उठा. वळायचं तर पावलं वळवा, कंबर पिळू नका. आणि भरलेल्या एका बादलीऐवजी अर्ध्या दोन.

माझ्याकडे येणाऱ्या खुब्याच्या रुग्णांमध्ये घरातच पडलेले खूप. रात्री बाथरूमला जाताना, अंधारात, ओल्या फरशीवर, सुटलेल्या पायपुसण्यावरून. झोपेच्या आणि बीपीच्या गोळ्यांनी उठताना चक्कर येते का, चष्म्याचा नंबर बदललाय का, हेही पाहा. बाथरूममध्ये धरायला दांडी लावून घ्या, बाकी सगळं नंतर.

देवळालीवाला

पुरुषांनाही होतं, कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. वय 61, दम्यासाठी वर्षानुवर्षं अधूनमधून स्टेरॉइडच्या गोळ्या. सोसायटीतल्या मोफत शिबिरात टाचेवर मशीन लावून 'उत्तम' असा कागद दिला होता. टाचेची तपासणी म्हणजे निदान नव्हे. डेक्सात खुबा उणे 2.7 निघाला. आता गोळी चालू आहे, सिगारेट सोडली.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळे प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवले. निफाडच्या ताईंचा तिने पुन्हा वाचायला लावला.

तपासण्या केल्या. कॅल्शियम, पीटीएच, क्रिएटिनिन ठीक, ड जीवनसत्त्व फार कमी. ते भरून आल्याशिवाय सलाईन देणार नाही, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम घसरतं, असं डॉक्टर म्हणाले. जबड्याचं आईने स्वतः विचारलं. हाडांसाठी दिल्या जाणाऱ्या डोसला तो त्रास फार क्वचित होतो, जास्त करून कॅन्सरच्या रुग्णांना मोठे डोस वारंवार द्यावे लागतात तेव्हा दिसतो, पण दात काढायचे असतील तर आधी उरका, असं उत्तर मिळालं. तिची एक दाढ खरंच हलत होती. ती काढली, जखम भरतेय. मग सलाईन. 'माझी नागली बंद करणार नाही' असं तिने डॉक्टरांना बजावलं, आणि ते म्हणाले, करूच नका.

सातपूरची आत्या

ताई, छान झालं. पुढच्या टप्प्याचं मी सांगते. मी 70 ची, पाच वर्षं आठवड्याची गोळी घेतली. हे औषध जन्मभर घ्यायचं नसतं हे मला ठाऊकच नव्हतं. पाच वर्षांनी डॉक्टरांनी पुन्हा स्कॅन केलं, खुबा उणे 2.1 वर आला होता, मधे हाड मोडलं नव्हतं, म्हणून गोळीला सुट्टी दिली. औषध हाडात साठून राहतं, त्यामुळे लगेच असर जात नाही. सगळ्यांनाच अशी सुट्टी मिळते असं नाही, ज्यांचा धोका जास्त त्यांचं औषध चालू ठेवतात.

फार वर्षं घेतल्यावर क्वचित मांडीचं हाड वेगळ्या तऱ्हेने तडकतं. मांडीत किंवा जांघेत दुखत राहिलं तर चोळत बसायचं नाही, एक्स-रे काढायचा. मला तसं काही झालं नाही. व्यायाम चालू आहे, पुढचं स्कॅन दिवाळीनंतर आहे. आकडा आला की इथे लिहीन.