अनुभव धागा: आंबोलीच्या रानात पावसाळी रात्री कोण, कुठे, कसं शोधायचं?

आंबोलीत जून ते सप्टेंबर रात्री रान बघायला येणारे वाढलेत, पण बहुतेकांच्या वाट्याला धुकं आणि ओले बूट एवढंच येतं. ज्यांची नजर बसली आहे त्यांनी नेमकं लिहा. किस्से नकोत, पद्धत हवी. वनखात्याची परवानगी आणि गावातला वाटाड्या गृहीत धरलाय.

प्रतिसाद १
टॉर्च कानशिलाला टेकवून, डोळ्यांच्या रेषेत धरा. प्राण्याच्या डोळ्यावर पडलेला उजेड आल्या वाटेनेच परततो. टॉर्च कमरेशी असली तर ती चमक तुमच्यापर्यंत पोचतच नाही. जमिनीलगत हिरवट-निळे बारीक ठिपके म्हणजे कोळी. रस्त्यावर लालसर निखारा दिसला तर बहुधा रातवा पक्षी. २०० ते ३०० ल्युमेन (टॉर्चच्या उजेडाचं माप) पुरे. त्याहून जास्त उजेड ओल्या पानांवरून उलटून आपलेच डोळे दिपवतो.

प्रतिसाद २
धुक्यात मात्र नेमकं उलटं करा. कपाळावरच्या दिव्याने समोर पांढरी भिंत उभी राहते, शिवाय किडे-पाखरं तोंडावर येतात. तेव्हा टॉर्च मांडीजवळ आणून खालून मारा. म्हणून एक डोक्याला, एक हातात.

प्रतिसाद ३
मलबार चापडा (झुडपांवरचा विषारी साप): ओढ्याकाठची झुडपं बघा, गुडघ्यापासून डोक्याच्या उंचीपर्यंत. हिरवा, पिवळा, तपकिरी अशा कुठल्याही रंगात भेटतो, त्यामुळे रंग शोधणारा फसतो. आकार शोधा: त्रिकोणी डोकं, आणि फांदी मध्येच विनाकारण जाड झालेली. उजेड समोरून न मारता बाजूने तिरका टाका; ओलं पान गुळगुळीत चमकतं, खवल्यांना बारीक सावल्या पडतात. तिथेच ओळखू येतो.

दिवसचे दिवस एकाच फांदीवर बसणारा साप आहे. धोका त्याच्या हालचालीत नाही, आपल्या घसरण्यात आहे: पाय सटकला की हात आपसूक फांदी पकडतो. एका हातात काठी ठेवा. आपल्याकडची प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनते. चापड्यासाठी ती नाही. दंश झालाच तर न बांधता, न कापता थेट रुग्णालय.

प्रतिसाद ४
बेडकांसाठी कान आधी, टॉर्च नंतर. झुडपी बेडूक अंगठ्याच्या पेराएवढा, आवाज मात्र चहूकडून आल्यासारखा वाटतो. दोघांनी पाच-सहा पावलं अंतर ठेवून, दिवे विझवून, डोळे मिटून आवाजाकडे बोट करायचं. मग दिवा लावायचा. दोन्ही बोटांच्या रेषा जिथे छेदतात त्या झुडपात शोधा. गप्प झाला तर तीन-चार मिनिटं थांबा, तोच पुन्हा सुरू करतो.

मलबारी उडत्या बेडकासाठी डबक्यावर ओणवलेल्या फांद्यांना लागलेला पांढरा फेस शोधा. आत अंडी असतात. पिल्लं फेसातून सुटून खाली पाण्यात टपकतात. फोटोसाठी फांदी वाकवली आणि घरटं पाण्यावरून बाजूला सरलं, की ती कोरड्या जमिनीवर पडून मरतात. हे कळकळीने सांगतो: फांदीला हात नको.

प्रतिसाद ५
आंबोली टोड (२००९ मध्ये नवी जात म्हणून नोंदला गेला) जांभ्या दगडाच्या सड्यावरचा, म्हणजे उघड्या कातळ-पठारावरचा. अंडी उथळ, बोटभर खोल पाण्यात, म्हणून साचलेल्या पाण्यातून चालू नका. कोरड्या उंचवट्यावरून जा. दगड उलटू नका. खाली फुरसं असू शकतं, आणि दगड परत ठेवला तरी खालची ओल मोडते ती मोडतेच.

प्रतिसाद ६
डास पळवायचं मलम किंवा जळवांसाठी मीठ-तंबाखू लावलेल्या हातांनी बेडूक उचलू नका. त्यांची कातडी सगळं शोषून घेते. खरं तर उचलूच नका. दुसऱ्या जंगलातून येत असाल तर बुटांच्या तळव्यातला चिखल ब्रशने काढून बूट कडकडीत वाळवा. बेडकांना मारणारी बुरशी ओल्या चिखलातून पसरू शकते. इथले काही बेडूक या डोंगराबाहेर क्वचितच कुठे आहेत.