सर्व्हरवर घरगुती अँटिव्हायरस : ओर्कावाल्या पोस्टला उत्तर

कृष्णाकाठ : काल सांगलीतल्या एका पतसंस्थेच्या आयटीवाल्यानं लिहिलं की, घरगुती अँटिव्हायरस विंडोज सर्व्हर २०१९ वर बसत नाही ही कंपन्यांची लूट आहे. उपाय काय, तर ओर्का या मायक्रोसॉफ्टच्या टूलमध्ये अँटिव्हायरसची एमएसआय, म्हणजे इन्स्टॉलर फाइल, उघडा, लाँचकंडिशन टेबलमधली प्रॉडक्टटाइपची ओळ उडवा, झालं काम.

अहो, ती ओळ म्हणजे मशीन कोणत्या प्रकारचं ते बघणारा दारावरचा वॉचमन. १ असेल तर डेस्कटॉप, २ म्हणजे डोमेन कंट्रोलर (नेटवर्कवरची लॉगिन सांभाळणारा सर्व्हर), ३ म्हणजे सर्व्हर. वॉचमन हाकलला तरी आतली अडचण तशीच राहते. विंडोज १० किंवा ११ वर दुसरा अँटिव्हायरस सिक्युरिटी सेंटरमध्ये नोंदला गेला की डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, आपणहून बाजूला होतो. सर्व्हरवर ते सेंटरच नाही आणि २०१६ पासून डिफेंडर मात्र आत बसलेला. मग प्रत्येक फाइल दोघेही तपासतात. बेदाण्याच्या सौद्यादिवशी बिलं निघेनात की शिव्या टॅलीला. ॲडमिन प्रॉम्प्टवर 'एफएलटीएमसी' चालवा, फाइलींवर नजर ठेवणाऱ्या फिल्टरांची यादी येते. डब्ल्यूडीफिल्टरच्या, म्हणजे डिफेंडरच्या फिल्टरच्या, शेजारी ३ लाख २० हजारांच्या (अँटिव्हायरसच्या क्रमांकांच्या) पट्ट्यात दुसरा फिल्टर दिसला तर भांडण तिथंच आहे.

अँटिव्हायरसची सर्व्हर एडिशन घ्या, मग 'अनइन्स्टॉल-विंडोजफीचर विंडोज-डिफेंडर' देऊन रीस्टार्ट करा. डिफेंडरला नुसतं बाजूला बसवणाऱ्या पॅसिव्ह मोडची रजिस्ट्री की टाकून उपयोग नाही, मशीन डिफेंडर फॉर एंडपॉइंट या मायक्रोसॉफ्टच्या वेगळ्या सेवेला जोडलेलं नसेल तर ती धरतच नाही.

हळदबाजार : विकणारे दिसताय. डिफेंडर फुकट आहे, सर्व्हरचा रोल (त्याला दिलेलं काम) ओळखून एक्स्क्लूजनही, म्हणजे कुठल्या फाइली तपासायच्या नाहीत ती सूटही, स्वतः लावतो. मग दुसरा घ्यायचाच कशाला?

कृष्णाकाठ : घेऊ नका, माझं काही जात नाही. पण ती सूट रोलच्या मूळ जागेपुरती. डेटा डी ड्राइव्हवर हलवला की हातानं द्यावी लागते. एसक्यूएल हा रोलच नाही, त्यामुळे त्याच्या डेटाबेसच्या एमडीएफ, एलडीएफ, एनडीएफ फाइली सगळं तुमच्यावर.

कुपवाडवाला : सर्व्हरच कशाला पाहिजे राव? विंडोज अकरा प्रो, त्यावर एकाच वेळी अनेकांना रिमोटनं शिरू देणारा आरडीपी रॅपर, सात जण आरामात चालतात. डिफेंडर त्याला उगाच पकडतो, म्हणून सगळं प्रोग्राम फाइल्स एक्स्क्लूड केलं. विषय संपला.

कृष्णाकाठ : संपला नाही, सुरू झाला. रॅपरचं एक फोल्डर सोडायचं तर अख्खं प्रोग्राम फाइल्स? आणि राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट बाहेर उघडा असेलच!

कुपवाडवाला : पोर्ट बदललाय, येडं समजू नका.

हळदबाजार : बदललेला पोर्ट स्कॅनरला सापडतो. आणि लायसन्स? डेस्कटॉपला एकाच वेळी एकच रिमोट सेशन, शेअरिंगला वीसच जोडण्या.

कुपवाडवाला : लायसन्सचं इथं कोण बोलतंय बघा! सर्व्हरवर आरडीएसच्या (रिमोट डेस्कटॉप सेवेच्या) कॅलशिवाय, म्हणजे वापराच्या परवान्यांशिवाय, सवलतीचे १२० दिवस काढणारे किती आहेत, सांगू का?

हळदबाजार : काढतात. १२१ व्या दिवशी ॲडमिन सोडून बाकी सगळे बाहेर. तुमच्या रॅपरचं तर अपडेटनं टर्मएसआरव्ही (विंडोजची रिमोट डेस्कटॉपची फाइल) बदललं की 'नॉट सपोर्टेड', मग रॅपरची नवी आयएनआय सेटिंग फाइल हुडकत बसा. म्हणून तुम्ही अपडेटच बंद करता. खरं की नाही?

कुपवाडवाला : …मार्चअखेरीला करतो. फक्त मार्चअखेरीला.

मिरजकर : सपोर्टेड, सपोर्टेड म्हणून किती नाचताय! १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका चॅनल फाइलनं (अपडेटनं) ८५ लाख विंडोज मशीनं निळ्या स्क्रीनवर बंद पडली, सगळी सपोर्टेडच होती. सेफ मोडमध्ये जाऊन 'सी-०००००२९१' नं सुरू होणारी फाइल उडवायची, आणि डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरची की नसेल तर बसा.

कृष्णाकाठ : मान्य. की छापून तिजोरीत ठेवा. पण त्यावरून ओर्का बरोबर ठरत नाही.

ओर्कावाला : बरं बाबांनो, घेतला ओर्का मागे, विद्वानांना साष्टांग नमस्कार. आता विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चं सांगा. त्यात डिफेंडर नाही आणि संचालक मंडळ नवीन घेत नाही.

कृष्णाकाठ : सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला. पैसे भरून मिळणारं ईएसयू (मुदतीनंतरचे सुरक्षा अपडेट) सोडलं तर पॅच नाही. त्याचा नेट तोडा, एसएमबी१ (फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) बंद करा, बॅकअपची डिस्क रोज संध्याकाळी काढून ठेवा.

ओर्कावाला : बॅकअप साडेआठला संपतो. शिपाई सहाला जातो. डिस्क कोण काढणार?