परदेशी बचावपथकं म्हणजे फोटोंचा सोहळा?

पायवाट: काल इथे कुणीतरी लिहिलं, "परदेशी बचावपथकं चौथ्या दिवशी उगवतात, फोटो काढतात आणि जातात. त्यापेक्षा पैसे पाठवा." वाचून राहवलं नाही. १९८८ च्या आर्मेनियातल्या भूकंपात पथकं अशीच धावून गेली आणि कोण कुठे खणतंय याचा कुणाला पत्ता नव्हता. त्या अनुभवातूनच १९९१ मध्ये 'इन्साराग' उभं राहिलं, म्हणजे अशा पथकांचे नियम ठरवणारं संयुक्त राष्ट्रांचं जाळं. आज पथकाला त्यांचा 'हेवी' हा सर्वात वरचा दर्जा हवा असेल तर दोन ठिकाणी, चोवीस तास, सलग दहा दिवस काम करायची तयारी लागते. खाणंपिणं, तंबू सगळं स्वतःचं. काँक्रीटच्या स्लॅबखालचा माणूस पैशाने बाहेर निघत नाही.

निशाचर: ते मीच लिहिलं होतं, आणि मी मागे हटणार नाही. जिवंत निघणारी बहुतेक माणसं शेजारीपाजारीच काढतात, तेही पहिल्या काही तासांत. २०१५ च्या नेपाळ भूकंपात काठमांडूच्या विमानतळावर धावपट्टी एकच. मदतीची विमानं वर घिरट्या घालत होती, काही तर परत फिरली.

सुकाणू: अहो, मग ही तक्रार मदतीबद्दल आहे की नियोजनाबद्दल? व्हिसा, कस्टम, वायरलेसचे परवाने हे आधी ठरलेलं नसलं की असंच होणार. २००८ मध्ये नर्गिस वादळानंतर म्यानमारच्या लष्करी सरकारने मदत अडवून धरली, परदेशी जहाजं किनाऱ्याबाहेर ताटकळली. सव्वा लाखाहून जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली.

जुनीवही: पथकांचं सोडा, कपड्यांबद्दल कुणी बोलतच नाही! एका पुरानंतर मी अकरा दिवस गोदामात कपडे निवडत होते. भर उकाड्यात लोकरी कोट, एकेकटे बूट, मुदत संपलेली औषधं. पाण्याच्या टाक्या उतरवायला जागा नव्हती, कारण सगळं अंगण गाठोड्यांनी भरलेलं.

निशाचर: देणाऱ्यांना हिणवू नका. माझ्या आईने साड्या धुऊन, इस्त्री करून पाठवल्या होत्या.

जुनीवही: तुमच्या आईंबद्दल मी एक शब्द तरी बोलले का? ओले, बुरशी आलेले गठ्ठे मी या हातांनी जाळलेत. काय हवंय ते आधी विचारा, एवढंच म्हणणं आहे.

पायवाट: कपड्यांसाठी वेगळा धागा काढूया का?

जुनीवही: का म्हणून? न मागता पाठवलेलं गाठोडं आणि न विचारता आलेलं पथक, दोन्ही वाटच अडवतात. २०२३ च्या भूकंपात मोरोक्कोने चारच देशांची पथकं घेतली, त्यावर किती टीका झाली. मला त्यांची भीती समजते.

सुकाणू: मला नाही समजत. ढिगाऱ्याखाली तुमचं माणूस असतं तर पाचवं पथक नको म्हणाला असतात?

निशाचर: भावनेला हात घालू नका. हैतीत २०१० साली शांतिसैनिकांच्या तळावरून कॉलरा पसरला, हजारो माणसं गेली. संयुक्त राष्ट्रांनी माफी मागितली ती २०१६ मध्ये.

पायवाट: हे खरं आहे, आणि ते लपवूही नये. पण १९९९ बघा. ऑगस्टमध्ये तुर्कस्तान हादरलं तेव्हा ग्रीसची पथकं गेली, सप्टेंबरमध्ये अथेन्स हादरलं तेव्हा तुर्कांची आली. वैरी म्हणवणारे शेजारी. जवळचे होते म्हणून वेळेत पोचले.

निशाचर: शेजाऱ्यांशी आधीच करार करून ठेवावेत, एकत्र सराव करावेत, एवढं मान्य. फोटोंबद्दलचं मी मागे घेणार नाही.

जुनीवही: आणि कपड्यांचं?

निशाचर: ठीक आहे. पुढच्या वेळी आईला सांगेन, आधी विचारून पाठव.