मदत हवी आहे: जमिनीच्या मोबदल्याचे पैसे आणि 12 टक्क्यांचा हिशेब

मंडळी, नमस्कार.

औसा तालुक्यातली आमची थोडी जमीन रस्त्यात गेली. मोबदल्यातले 18 लाख आई-वडिलांच्या म्हातारपणासाठी बाजूला ठेवलेत. लातूरच्या एका म्युच्युअल फंडवाल्यांनी कागदावर मांडून दिलं: 12 टक्क्यांनी 15 वर्षांत साडेअठ्ठ्याण्णव लाख. कागदावर दुसरा आकडाच नाही. मी 8 टक्के धरून पाहिलं तर 57 लाखच होतात, आणि महागाई 6 टक्के धरली तर त्या 57 लाखांची आजची किंमत 24 लाखांच्याही आत.

शेअर बाजाराला माझा विरोध नाही. 1979 ला 100 धरलेला सेन्सेक्स (मुंबई शेअर बाजारातल्या 30 मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) 2024 मध्ये 80 हजारांवर गेला, म्हणजे लाभांश (कंपन्या नफ्यातून भागधारकांना वाटतात तो पैसा) सोडूनही वर्षाला 16 टक्क्यांच्या आसपास. पण हाच सेन्सेक्स 1992 च्या एप्रिलात साडेचार हजारांजवळ होता आणि 2003 च्या एप्रिलात तीन हजारांच्या आसपास. अकरा वर्षं थांबलेल्या माणसाच्या हातात काय आलं? जपानच्या शेअर बाजाराच्या निर्देशांकाला, निक्केईला तर 1989 चा उच्चांक पार करायला 2024 उजाडलं.

वडिलांना हे सांगितलं तर म्हणाले, "सरासरीवर कुणी पेरणी करतंय का? सरासरी पाऊस तर लातूरला बी चांगलाच हाय, तरी 2016 ला रेल्वेनं पाणी आणावं लागलं." मला ते पटलं.

वाचून मला समजलं ते असं: लाभांश आणि कंपन्यांच्या नफ्याची वाढ यांचा ढोबळ अंदाज बांधता येतो. पण त्याच नफ्याला पंधरा वर्षांनी लोक वीसपट भाव देतील की बारापट, हे कुणालाच सांगता येत नाही. आज बाजार महाग असेल तर पुढची दहा वर्षं बेताची जाण्याची शक्यता वाढते, एवढाच इशारा त्यातून मिळतो. पुढच्या वर्षी काय होईल ते त्यावरून कळत नाही. हे बरोबर आहे का?

जाणकारांनी कृपया सांगावं: अशा पैशासाठी तुम्ही किती टक्के धरून चालता? सगळे 18 लाख एकदम लावावेत की दोन-तीन वर्षांत हप्त्याहप्त्याने? एफडीत किती ठेवावेत? शेती कोरडवाहू, सोयाबीनच्या भावाचा भरवसा नाही, त्यामुळे एखाद्या वर्षी यातूनच घरखर्चाला काढावे लागतील. नेमकं त्याच वर्षी बाजार पडलेला असला तर काय करायचं, याची मला सगळ्यात जास्त काळजी आहे.