एका फोटोवरून अख्खं युद्ध कळतं का?

कृष्णाकाठ, सातारा
१९७१ म्हटलं की आपल्याला एकच फोटो आठवतो. १६ डिसेंबर, ढाका, शरणागतीवर सही करणारे पाकिस्तानचे जनरल नियाझी आणि शेजारी भारताचे जनरल अरोरा. त्याआधीच्या महिन्यांत पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, सुमारे एक कोटी माणसं जीव मुठीत धरून भारतात आली. छायाचित्रकार रघु राय यांनी त्या निर्वासितांचे फोटो काढले, पण दर डिसेंबरला मोबाइलवर फिरतो तो सहीचाच. म्हणून आपल्या लेखी ते तेरा दिवसांत जिंकलेलं युद्ध आहे, बाकी काही नाही. माझं स्पष्ट मत आहे, झोप उडवणारे फोटोही छापले पाहिजेत.

फौजीचं घर, आपशिंगे
दादा, सहीचा फोटो खोटा आहे का? त्या विजयासाठी माणसं गेलीत, तो अभिमानानंच बघायचा. आणि झोप उडवणारे म्हणजे कुणाचे? कुणाच्या आईला विचारून छापणार? पहिल्या महायुद्धात आमच्या गावचे ४६ जण गेले. स्मारकाच्या दगडापुढं आजही माणूस हात जोडतो, त्याला छिन्नविच्छिन्न देह बघावा लागत नाही.

वाईची लेक
काका, आईचं नाव पुढं करून सरकारं स्वतःची सोय बघतात, त्याचं काय? १९९१ च्या आखाती युद्धात छायाचित्रकार केनेथ जारेकी यांनी ट्रकमध्ये जळून कोळसा झालेल्या इराकी सैनिकाचा फोटो काढला. अमेरिकेतल्या वृत्तसंस्थेच्या संपादकांनी तो अडवला, लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्रानं छापला. अमेरिकन लोकांनी टीव्हीवर पाहिलं काय, तर नेमके निशाण्यावर पडणारे बॉम्ब. त्याच वर्षापासून अमेरिकेतल्या डोव्हरच्या हवाई तळावर येणाऱ्या सैनिकांच्या शवपेट्यांचे फोटो काढायलाही बंदी होती, ती २००९ मध्ये उठली. मेलेलं माणूसच दिसलं नाही तर युद्धाची किंमत लोकांना कळणार कशी?

कोरेगावकर
ताईंशी सहमत. नापाम, म्हणजे अंगाला चिकटून जळणाऱ्या बॉम्बमध्ये भाजलेल्या त्या व्हिएतनामी मुलीच्या एका फोटोनं व्हिएतनाम युद्ध थांबलं.

औंधचा वाचक
नाही थांबलं. तो फोटो ८ जून १९७२ चा. तोवर बहुतेक अमेरिकन सैनिक घरी परतले होते. बॉम्बही दक्षिण व्हिएतनामच्याच विमानानं टाकला होता, हे किती जणांना ठाऊक आहे? मला भीती याचीच वाटते. फोटो मनात रुतून बसतो आणि आजूबाजूची हकीकत गळून जाते. १९६८ मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगावच्या रस्त्यावर पोलीसप्रमुखानं हात बांधलेल्या कैद्याच्या डोक्यात गोळी घातली, तो एडी ॲडम्स यांचा फोटो घ्या. पत्रकारितेचा पुलित्झर पुरस्कार मिळाला, पण त्या एका क्षणावरून जगानं त्या अधिकाऱ्याचं अख्खं आयुष्य जोखलं, याची सल ॲडम्स यांना पुढं राहिली. म्हणून फोटो छापा, पण कोणी, कुठं, कशामुळं हे खाली सविस्तर द्या. चार शब्दांची ओळ पुरत नाही.

फौजीचं घर, आपशिंगे
हे पटलं. शवपेटीचंही पटलं. आमच्याकडं जवानाची अंत्ययात्रा निघते तेव्हा पंचक्रोशी लोटते, लपवायचं काही नसतं. निर्वासितांचे फोटो शाळेत लावा, मी स्वतः येईन. जवानाचा विद्रूप चेहरा मात्र नको.

वाईची लेक
शत्रूच्या जवानाचा?

फौजीचं घर, आपशिंगे
त्याचाही नको. त्यालाही घर आहे.

वाईची लेक
इथं आपलं जमणार नाही, काका. त्या इराकी सैनिकाचा चेहरा झाकला गेला, म्हणूनच ते युद्ध स्वच्छ वाटलं.