शब्दचर्चा : नाच्या, स्त्रीपार्टी, तृतीयपंथी – मंडईच्या पत्रकावर नेमकं काय छापायचं?

मंडईवाले : भाऊबीजेनंतर गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा आहे, रात्री खडी गंमत, आपलं डफ-तुणतुण्यावरचं लोकनाट्य. पत्रकावर वरच मोठ्या अक्षरात ‘प्रसिद्ध नाच्या’ टाकायचं चाललंय. काहींना शब्द खटकतो, त्यांना ‘स्त्रीपार्टी कलाकार’ हवंय. शिवाय स्मरणिकेत लोककलेतल्या समलिंगी आणि पारलिंगी माणसांवर लेख आहे. तिथं सगळीकडं ‘तृतीयपंथी’ चालेल का? आणि गमतीत हशा पिकवायला ‘छक्का’ येतोच. तो कापायचा की शाहिराच्या तोंडाला कुलूप नको?

डफ-तुणतुणं : आधी नाच्या. खडी गमतीत हे पद आहे, शाहीर, ढोलक्या, मागं सूर धरणारे झीलकरी यांच्यासारखंच. लुगडं नेसून, चाळ बांधून गौळण-लावणी नाचायची आणि शाहिराला सवालाचा जबाबही द्यायचा, हे त्याचं काम. तमाशात बाया नाचू लागल्या तसा तिकडचा नाच्या बाजूला सरकला आणि कमरेवर हात ठेवून लचकणारं विनोदी पात्र झाला. पुढं तमाशापटांनी तेच चित्र घरोघरी नेलं. गणपत पाटलांनी ती भूमिका इतकी गाजवली की हा संसारी माणूस खराच तसा आहे असं लोक धरून चालले. आज भंडाऱ्याच्या पोराच्या डोळ्यांपुढंही आधी सिनेमातला नाच्या येतो, गमतीतला नाही.

‘स्त्रीपार्टी’ संगीत नाटकाच्या कंपन्यांतला शब्द. बालगंधर्वांना १९६४ मध्ये पद्मभूषण मिळालं, त्यांना नाच्या म्हणायची कोणाची छाती नव्हती. साडी दोघांच्याही अंगावर. मान कोणाला द्यायचा हे जात आणि तिकिटाच्या दरानं ठरलं, असं माझं स्पष्ट मत. तरी गमतीसाठी ‘स्त्रीपार्टी’ घेऊ नका. लिहिलेल्या नाटकात एक स्त्रीपात्र वठवतो तो स्त्रीपार्टी. नाच्या रात्रभर एका पात्रात राहत नाही.

म्हणून शब्द ठेवा, जागा बदला. ‘शाहीर अमुक, ढोलकी अमुक, नाच्या अमुक’ अशा एका ओळीत, एकाच मापाच्या अक्षरात आला की ते पद वाटतं. वर एकट्यानं, चित्रासकट, मोठ्या ठशात आला की तोच शब्द ‘या, हसायला या’ म्हणतो.

सालेकसा लाइन : एक सांभाळा. आमच्याकडं, गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी-सालेकसा पट्ट्यात, छत्तीसगडचा ‘नाचा’ येतो. ते अख्ख्या खेळाचं नाव, त्यात बाईचं काम करणारा पुरुष ‘परी’. छापखान्यात ‘नाच्या’चा य गळाला की माणसाचा खेळ होतो.

बांधावरून : लेखाबद्दल. नाच्या हे काम आहे. कोणावर जीव जडतो किंवा स्वतःला बाई समजतो की पुरुष, हे त्यावरून कळत नाही. ‘सगळे नाचे समलिंगी’ हे वाक्य जितकं चूक, तितकंच ‘छे, सगळे बायकापोरांवाले, तसलं काही नव्हतं’ हेही. दुसरं वाक्य अब्रू वाचवायला लिहिलं जातं, पण ‘तसलं’ म्हणताना अपमान करतंच. ज्यांना गावात दुसरीकडं कुठं लुगडं नेसता आलं नसतं अशा काहींना गमतीनं जागा दिली, एवढं लिहा. जिवंत कलावंताबद्दल त्याला विचारल्याशिवाय अक्षर छापू नका. शहरात लेख वाचून लोक विसरतात. गावात त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी त्याच पिठाच्या गिरणीवर उभं राहायचं असतं.

कोशातला किडा : ‘तृतीयपंथी’ वर्तमानपत्रांनी रुळवला. रिद्धपूरच्या मुलखात पंथ म्हटला की महानुभाव आठवतो, आणि इथं तर कोणी दीक्षा घेतलेली नाही! जुना शब्द ‘तृतीया प्रकृती’, कामसूत्रात आहे, अमरकोशातही. तरी तृतीयपंथी सरकारी कागदात बसलाय, तो उपटू नका. फक्त समलिंगी माणसाला लावू नका. पुरुषावर प्रेम करणारा पुरुष हा पुरुषच. जन्मावेळी ठरवलेलं लिंग ज्याला आपलं वाटत नाही तो किंवा ती पारलिंगी. ‘हिजडा’ ही परंपरा आहे, गुरू-चेल्यांची घराणी असलेली. लक्ष्मी नारायण त्रिपाठींनी आत्मकथनाच्या नावातच तो शब्द घेतला. स्वतःनं घेतला तर ओळख, दुसऱ्यानं फेकला तर शिवी.

‘उभयलिंगी’ लेखात असेल तर तिथंच अर्थ द्या. शेतकरी तो शब्द पपईच्या झाडावरून ओळखतो : एकाच फुलात नर-मादी दोन्ही. स्त्री आणि पुरुष दोघांबद्दलही ओढ वाटणारी व्यक्ती हा अर्थ त्याला आपोआप लागणार नाही.

प्रुफवाला : खरी फसगत क्रियापदात होते. पारलिंगी स्त्री असेल तर ‘ती आली’. नाच्या स्वतःला पुरुष म्हणवत असेल तर परिचयात ‘तो आला’ आणि गौळणीचं वर्णन करताना ‘राधा आली’. ‘ते आलं’ कधीच नको, माणसाची वस्तू होते. मुलाखतीत तर आणखी गंमत. आपल्या बोलीत बाईही ‘मी जातो, मी करतो’ म्हणते, म्हणजे वर्तमानकाळात लिंग दिसत नाही. भूतकाळात दिसतं : ‘मी गेली होती’. पुस्तकी मराठीचा मुद्रितशोधक ‘जातो’चं ‘जाते’ किंवा ‘गेली’चं ‘गेले’ करतो. पहिल्यात बोलणाऱ्यानं झाकलेलं उघडं पडतं, दुसऱ्यात बोली मरते. बोललंय तसंच ठेवा.

काळा कोट : ‘छक्का’बद्दल. सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात पोशाख, शब्द, वागणं यांतून आपली लिंगओळख व्यक्त करणं राज्यघटनेच्या कलम १९(१)(क) मध्येच, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसवलं. म्हणजे शाहिराचं बोलणं आणि नाच्याचं लुगडं एकाच कलमाच्या आसऱ्याला आहेत. त्याच साली, त्याच न्यायालयात, अवीक सरकार या संपादकांच्या खटल्यात ठरलं की अश्लीलता सुटा शब्द उचलून नाही, अख्खी कृती आजच्या समाजाच्या नजरेनं पाहून ठरवायची. पात्राच्या तोंडी शिवी आली म्हणून खेळ अश्लील होत नाही.

पण मोकाट सुटू नका. सार्वजनिक जागी लोकांना उपद्रव होईल अशा अश्लील गाण्या-बोलण्याला भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद. पारलिंगी व्यक्तींच्या २०१९च्या कायद्यात कलम १८ खाली शाब्दिक छळालाही सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा ठेवली. शिवाय राज्याचं रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ प्रयोगाआधी संहिता पाहून प्रमाणपत्र देतं. मंचावर सुचलेली कोटी त्या कागदात नसते. गमतीत तर निम्मं आयत्या वेळचंच.

कापायला मी सांगणार नाही. फरक असा : वगात सरपंचाचं सोंग ‘छक्का’ म्हणतं आणि नाच्या त्याला जबाबात आडवा पाडतो, तर तो खेळ. माइकवाला समोर बसलेल्या पोराकडं बोट दाखवून म्हणतो, तर तो खेळ नाही. निवेदकाला आधीच सांगा की माणसाकडं बोट नाही, नक्कल नाही. शाहिराला सांगायचं तर एवढंच की जबाब द्यायची पाळी नाच्याला सोडा. ती कापली की उरते नुसती शिवी.

मंडईवाले : ओळ अशी केली : ‘शाहीर –, ढोलकी –, नाच्या – (गौळण, लावणी, जबाब)’. मोठं चित्र काढलं. लेखातली दोन नावं त्या दोघांना विचारेपर्यंत काढून ठेवली.

डफ-तुणतुणं : बेस. पण झीलकरी राहिले की भाऊ, त्यांचीही नावं टाका.