महाप्रसाद १५०० पानांचा: ताटं की पत्रावळ्या, आणि उरलेल्याचं काय?

तालीम_कार्यकर्ता, शिवाजी पेठ:
कोल्हापुरातल्या आमच्या मंडळाच्या महाप्रसादाला साधारण १५०० पान उठेल. मसालेभात, आमटी, वांग्याची भाजी, बुंदी. यंदा कचऱ्याचे ढीग नकोत म्हणून भाड्याची स्टीलची ताटं आणायचा विचार आहे. पण ताटं धुवायला पाणी फार लागेल आणि ते खरकटं पाणी जयंती नाल्यातून पंचगंगेतच जाणार, असं काहींचं म्हणणं आहे. जाणकारांनी सांगावं.

मांडव_भांडी:
भावा, ताटंच घ्या, कप्प्यांची. म्हणजे वाटीही वाचते. १०० लिटरचे तीन टब ओळीत लावा: पहिला साबणाचा, दुसरा विसळायचा, तिसरा स्वच्छ पाण्याचा. १०० ताटं झाली की फक्त पहिला टब ओता, ताजं पाणी भरा आणि त्यालाच शेवटचा करा. दुसरा होतो पहिला (साबण आता त्यात), तिसरा होतो दुसरा. टब उचलायचे नाहीत, माणसांनी जागा बदलायच्या. ताटामागे एक लिटरहून थोडं जास्त पाणी पडतं, म्हणजे ताटांना साधारण १७०० लिटर. नळी सोडून धुतलं तर याच्या कितीतरी पट जातं.

खरी गोची दुसरीच आहे. ३०० ची पंगत असेल तर ६०० ताटं मागवा. एकच संच असला की दुसऱ्या पंगतीला ताटं धुवून होत नाहीत, लोक ताटकळतात, आणि कोणीतरी पत्रावळ्यांचा गठ्ठा सोडतोच.

टबाआधी खरकटं काढायला खमक्या माणूस बसवा. नदीचं नुकसान साबणापेक्षा भाताची शितं आणि तेल जास्त करतात. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. टबाचं पाणी कापडातून गाळून ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडा, पावसाळी गटारात अजिबात नको.

पत्रावळ्याच घ्यायची वेळ आली तर चंदेरी मुलाम्याच्या नकोत. कोपरा फाडून गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा. पापुद्रा सुटला तर ते प्लास्टिक, त्याचं खत होत नाही.

आचारी_करवीर:
भात मुख्य असेल तर माणशी १०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे १५० किलो. त्यातले ४० किलो धुवायचेच नाहीत. आधण तयार ठेवा, तिसरी पंगत बसली की रांग बघा आणि मगच धुवायला घ्या. कोरडा तांदूळ पोत्यात परत जातो, शिजलेला जात नाही. पहिल्या वाढपाला डाव अर्धाच भरायचा, मागेल त्याला पुन्हा वाढायचं. ताटात टाकलेलं अन्न बहुतेक वेळा या पहिल्याच वाढपातलं असतं.

तालीम_कार्यकर्ता, शिवाजी पेठ:
तरी उरलाच तर गोठ्यावर देऊ का? म्हशी खातील.

पाचट_खत:
कृपा करून देऊ नका! म्हशीनं एकदम खूप शिजलेला भात खाल्ला की पोटात आम्ल वाढतं, रवंथ बंद पडतं, जनावर दगावूही शकतं. गोठेवाल्याला हे माहीत असतं, पण फुकटचं आलं की नको म्हणवत नाही.

न वाढलेलं अन्न माणसांनाच द्या, तेही शिजल्यापासून दोन तासांत, गरम असताना. कुठं द्यायचं ते आदल्या दिवशी ठरवून ठेवा. मोठ्या पातेल्यात भात मध्यभागी तासन्‌तास कोमट राहतो आणि तिथंच जंतू वाढतात. शिजवून न मरणारे बीजाणू तांदळात असतात. म्हणून तो पातेल्यात राहू देऊ नका, परातीत पसरवूनही ठेवू नका, वाफाळता असतानाच उष्णता टिकवणाऱ्या डब्यात भरा.

ताटातलं खरकटं मात्र खताला. पाणी निथळून एक बादली खरकट्याला दोन बादल्या तुकडे केलेलं पाचट (उसाची वाळलेली पानं), वर मूठभर जुनं खत किंवा शेणकाला. आपल्याकडं उसाच्या पाचटाला तोटा नाही. वास सुटला की समजायचं ओल जास्त झाली: पाचट वाढवा आणि ढीग उलथा. निर्माल्य याच ढिगात चालतं, पण हारातला दोरा, तार आणि जरीच्या पट्ट्या आधी काढा.

आणि महापालिकेला कळवा. २०१६ च्या घनकचरा नियमांत १०० हून जास्त लोकांच्या कार्यक्रमाची सूचना किमान तीन कामकाजी दिवस आधी द्यायची तरतूद होती, कचरा वेगळा करून देणंही आयोजकावरच होतं. आता त्यांच्या जागी २०२६ चे नियम आलेत, तेव्हा मुदत महापालिकेतच विचारा. ओल्या कचऱ्याची गाडी किती वाजता येणार हे त्याच वेळी विचारून घ्या. रात्री पंगती उठल्यावर विचारून उपयोग नाही.